सातवी मागणी

चाचा, खुर्च्या आणायच्या नाहीत असं मीच सांगितलं होतं. हे पहिल्या ओळीतच लिहून टाकते. मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत, हे तुमचंच शिकवणं.

फुटपाथ खाऊन रस्ता रुंद करायचा घाट घातलाय, त्याविरुद्ध क्षेत्रीय कार्यालयासमोर दोन तास उभं राहून निषेध करायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी तुमचा फोन आला. "जगताप, बसायचं काय?" मी म्हटलं, "चाचा, निषेध आहे, लग्न नाही. खुर्च्या मांडल्या की फोटो मवाळ येतो." तुम्ही म्हणालात, "बरं." तुमच्या त्या ‘बरं’चा अर्थ सहा वर्षांत मला पाठ झाला होता. पटलेलं नाही, पण करतो.

आणि तुम्ही उभे राहिलात. दुसऱ्या रांगेत, डोक्याला जाळीची पांढरी टोपी, हातात स्वतःच छापलेला फलक. मध्येच कधीतरी तुम्ही फुटपाथवरच्या विजेच्या पेटीला हात टेकवलात. मला दिसलं. मी पुढच्या रांगेतून ओरडले, "चाचा, त्याला हात लावू नका, शॉक बसेल!" तुम्ही हात काढून घेतलात. म्हणजे मी काळजी घेतली नाही असं कुणी म्हणू शकत नाही. घेतली. भलत्याच गोष्टीची घेतली.

चौथ्या दिवशी सकाळी चाचींनी चहा आणून ठेवला आणि तुम्ही तो घेतला नाहीत.

पेपरात चार ओळी आल्यात तुमच्यावर. ‘ज्येष्ठ मुद्रक’ वगैरे. तुम्ही असतात तर लाल पेननं ‘ज्येष्ठ’ उडवलं असतंत. वय सांगायला शब्द कशाला खर्च करायचा, म्हणाला असतात. आपल्या पायी चालणाऱ्यांच्या समितीच्या अंकासाठी मला लिहायला सांगितलंय. जन्म कुठला, शिक्षण किती, प्रेस कधी सुरू केली. मला माहीत नाही, चाचा. सहा वर्षं रोज तुमच्या प्रेसमध्ये येत होते आणि हे कधी विचारलं नाही. मी फक्त एवढंच विचारायचे, "झालं का छापून?"

पहिल्यांदा आले तेव्हा वीस वर्षांची होते. कात्रजच्या आमच्या घरामागचा डोंगर फोडत होते, त्यावर दोन पानं टाइप करून आणली होती, इकडून तिकडे गच्च. तुम्ही उभ्या उभ्या वाचलीत आणि विचारलंत, "यात राग कुठे आहे?"

"सगळीकडे आहे की!"

"सगळीकडे असला की दिसत नाही. एका ओळीत ठेव. बाकी ओळींत माहिती दे."

मी चिडून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी अर्धं पान घेऊन परत आले. तुम्ही ते छापलंत आणि गठ्ठा माझ्या हातात ठेवताना मी कागद उलटून बघितला. मागची बाजू कोरी. मी म्हटलं, "इकडेही छापायचं ना, जागा वाया गेली." तुम्ही म्हणालात, "लोकांना काहीतरी लिहायला लागतं. वाण्याची यादी, कुणाचा नंबर. मागं कोरं असलं की कागद घरात राहतो. घरात राहिला की कधीतरी पुढची बाजू वाचतात." मला तो निव्वळ कंजूष शहाणपणा वाटला. या मागच्या बाजूवरून आपण सहा वर्षं भांडलो. मला तिथं अजून आठ मुद्दे घालायचे असायचे. तुम्ही एकदाही घालू दिले नाहीत.

आता त्या दिवसाचं लिहिते. तो दिवस सोडून दुसरं काही सुचतच नाही.

जकार्ताला पायी चालणाऱ्यांच्या प्रश्नावर परिषद होती. आपल्या समितीतून दोघांना बोलावलं होतं. माझ्याबरोबर येणाऱ्या कार्यकर्त्याचा पासपोर्ट पोलीस पडताळणीत अडकला आणि ऐनवेळी विचारणा सुरू झाली, कुणाकडे पासपोर्ट आहे? सगळे तरुण एकमेकांकडे बघत बसले. तुम्ही मशीन पुसता पुसता म्हणालात, "माझ्याकडे आहे. हजला गेलो होतो तेव्हा काढलेला." मी मनात म्हटलं, झालं. आता या म्हाताऱ्याला सांभाळत फिरायचं.

हे मनात म्हटलेलंही लिहितेय. राहायला नको.

परिषद झाली. परतीच्या वाटेवर क्वालालंपूरला विमान बदलायचं होतं. सकाळी उतरलो, पुढचं विमान रात्री. मी आधीच यादी केली होती. सात ठिकाणं, प्रत्येकाचे फोटो. इथले फुटपाथ बघा आणि आपले बघा, असं पुण्यात येऊन दाखवायचं होतं. विमानतळावरून शहरात जाणाऱ्या गाडीत तुम्ही खिडकीला डोकं टेकवलंत आणि बाहेरची ताडाची झाडं बघत म्हणालात, "जगताप, लोक इथं फिरायला येतात म्हणे."

"आपणही फिरणारच आहोत."

"तू तपासणीला निघालीयस."

स्टेशनाबाहेर आलो तर हवा अंगावर ओल्या घोंगडीसारखी पडली. माझ्या फोनला रोमिंग नव्हतं, त्यामुळे नकाशा नाही. मी कुणाला तरी इंग्रजीत विचारत होते तोवर तुम्ही कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात शिरून बसलातसुद्धा. चहावाला तमिळ मुसलमान होता. तुम्ही सलाम केलात, त्यानं केला. त्यापुढं तुमची हिंदी त्याला येत नव्हती, त्याची तमिळ तुम्हाला. तरी तुमचं छान चाललं होतं. तो दोन भांड्यांतून हातभर उंचावरून चहा ओतत होता आणि तुम्ही लहान मुलासारखे बघत होतात. मग तुम्ही पिशवीतून आपलं जुनं पत्रक काढलंत. मराठी पत्रकांचा अख्खा गठ्ठा तुम्ही परदेशात आणला होतात, तिथं तो कुणाला वाचता येणार नव्हता. निघताना मी विचारलं होतं कशाला, तर म्हणालात, "कागद चांगला आहे."

चहावाल्यानं त्या कोऱ्या बाजूवर आपल्याला नकाशा काढून दिला. नदी, नदीकाठची मशीद, बाजार, जुन्या दुकानांची गल्ली, परत स्टेशन. तुम्ही तो कागद माझ्यासमोर धरलात.

"बघ. आठ मुद्दे घातले असते तर हा नकाशा कुठं काढला असता?"

मी म्हटलं, "चला, उशीर होतोय." तुम्ही खिशातून पेन काढून नकाशावर चहाच्या दुकानाजवळ एक छोटं गोल केलंत आणि उठलात.

दिवसभर मी पुढे आणि तुम्ही मागे. मी दहा पावलं जायचे, थांबायचे, फुटपाथचा फोटो काढायचे, मागे बघायचे, तुम्ही अजून तिकडेच. "चाचा, चला की लवकर!" किती वेळा म्हटलं असेन! तुमचं उत्तर ठरलेलं. "तू हो पुढे. रस्ता कुठं पळून जात नाही." नदीच्या कठड्यावर तुम्ही बसलात. "जगताप, बस गं जरा." मी म्हटलं, "आपण इथं बसायला आलोय का?"

"मग? आलो बसूनच की. दोन तास विमानात."

"दुपारपर्यंत तीन ठिकाणं व्हायचीत."

"तू उभी राहा, मी बसतो. दोघांचंही होईल."

मला हसू आलं होतं. दाबलं. हसले असते तर बसावं लागलं असतं.

आपल्या भांडणाचं मूळ त्या नव्या पत्रकात होतं, ते इथं सांगायला हवं. जकार्ताला निघायच्या आधीच मसुदा तयार होता. सात मागण्या. सहा माझ्या : रुंदी, सलग फुटपाथ, गाड्या लावायला बंदी, वगैरे. सातवी तुम्ही स्वतःच्या हातानं खाली लिहिली होतीत. ‘दर शंभर पावलांवर बसायला जागा.’ मी ती खोडली होती. तुम्ही पुन्हा लिहिलीत. मी पुन्हा खोडली. माझं म्हणणं असं, की बाक मागितले की दुसऱ्याच दिवशी नगरसेवक पाठीवर स्वतःचं नाव रंगवून चार बाक टाकतो, हार घालून घेतो, आणि फुटपाथ रुंद करायचा विषय तिथंच संपतो. तुम्ही म्हणायचात, "नाव त्याचं असेना. बसणार आपणच." मी म्हणायचे, ही मागणी मऊ आहे, बाकीच्या सहांना मऊ करते. अजूनही मला वाटतं की माझा मुद्दा अगदीच चूक नव्हता. तुम्ही गेलात म्हणून मी सगळं मान्य करून टाकणार नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं.

दोन नद्या मिळतात तिथं ती जुनी मशीद आहे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, भोवती ताडाची झाडं. संगम बघून तुम्ही थांबलात. "आपली मुळा-मुठा अशी दिसते का गं?" मी म्हटलं, "वास आला असता तर ओळखली असती." तुम्ही मोठ्यानं हसलात. त्या दिवसातलं तेच एक हसू माझ्यामुळे आलं.

दारावरच्या बाईंनी मला जांभळा झगा दिला, डोक्यावरून घ्यायचा. मी कमानीखाली एका बाजूला उभी राहिले. तुम्ही हातपाय धुऊन, वजू करून आत गेलात. आणि चाचा, मी बघितलं. तुम्ही खुर्चीवर बसून नमाज पढलात. रांगेच्या टोकाला म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या ठेवल्या होत्या, तिथं. प्रेसच्या मागच्या खोलीत तुम्ही जमिनीवर चटई टाकून नमाज पढताना मी शंभरदा बघितलं होतं. माझ्या मनात आलं, गुडघे दुखत असतील. त्यापुढं विचार गेला नाही. घड्याळ बघितलं.

बाहेर आलात तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. म्हणालात, "बघितलंस? अल्लानंसुद्धा खुर्चीची सोय ठेवलीय. हरकत काय ती तुझीच."

मी म्हटलं, "सातवी मागणी तुम्ही आता मशिदीतून पण रेटायला लागलात."

तुम्ही नकाशा काढून मशिदीशी आणखी एक गोल केलंत.

दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. तिथं म्हणे रोजचंच आहे. आपण जुन्या दुकानांच्या गल्लीत होतो. तिथं एक गंमत आहे, ती मला आधी फक्त पुस्तकातून माहीत होती. प्रत्येक दुकानाचा वरचा मजला पुढं आलेला, आणि खाली खांबांमधून सलग ओसरी. दुकान ज्याचं त्याचं, पण ओसरी चालणाऱ्याची. अख्खी गल्ली न भिजता चालता येते. मी वेड्यासारखे फोटो काढत सुटले. मागे वळून बघते तर तुम्ही एका खांबाला धरून उभे.

दुकानात एक म्हातारा चिनी माणूस बसला होता, उदबत्त्या आणि कागदी फुलं विकणारा. त्यानं तुमच्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. आतून एक लाकडी स्टूल आणलं, ओसरीवर ठेवलं आणि परत आपल्या जागी जाऊन बसला. तुम्ही बसलात. तुम्ही त्याला हात जोडलेत, त्यानं मान हलवली, संपलं.

बराच वेळ तुम्ही पाऊस बघत होतात. मी शेजारी उभी. मग तुम्ही बोलायला लागलात.

"जगताप, आपल्याकडे दुकानांवर बोर्ड असतात बघ. ‘पायरीवर बसू नये.’"

"असतात ना. डोक्यात जातात."

"माझे आहेत ते."

"म्हणजे?"

"मी छापलेत. पहिला एका कापडवाल्यानं करून घेतला. त्याला हवं होतं ‘कृपया पायरीवर बसू नये’. पुठ्ठा लहान, आणि त्याला अक्षर मोठं पाहिजे. तेव्हा अक्षरांचे खिळे जुळवून छापायचो. ‘कृपया’ काही मावेना. मी म्हटलं, काढून टाकू, अर्थ तोच राहतो. मग दुसरा आला, म्हणाला त्यांच्यासारखाच द्या. मग तिसरा. पुढं मी गठ्ठाच छापून ठेवायला लागलो. निम्म्या पेठांत माझे बोर्ड आहेत."

मी हसले. आता लाज वाटते, पण मला खरंच तो विनोद वाटला होता. मी म्हटलं, "म्हणजे पुण्याचा उद्धटपणा तुमच्या प्रेसमध्ये तयार झाला!"

तुम्ही हसला नाहीत. "तुझी चाची गुडघा दाखवून येत होती डॉक्टरकडून. रिक्षा मिळेना, चालत निघाली. एका पायरीवर टेकली. आतल्या माणसानं तोंडातून शब्द काढला नाही. नुसतं बोट केलं बोर्डाकडं. ती उठली. घरी आली आणि मला म्हणाली, ‘तुमचाच होता.’ मी म्हटलं, कशावरून? म्हणाली, ‘र ची शेपटी तुटलेली होती.’ माझ्याकडचा तो खिळा पडून तुटला होता, जगताप. बदलायचा म्हणून राहूनच गेला."

पाऊस चालू होता. मला काय सुचायला हवं होतं? तुमच्या खांद्यावर हात ठेवायला. किंवा निदान खाली बसायला. त्या ओसरीवर भरपूर जागा होती. पण मला वाटलं, तुम्ही माझ्यावर डाव टाकताय. भावनेच्या जोरावर सातवी मागणी आत घुसवताय. आणि मी पत्रकात लिहावं तसं, तोलून, एका ओळीत म्हटलं :

"चाचा, हा तुमचा पश्चात्ताप आहे, शहराची मागणी नाही. पत्रकात पश्चात्ताप छापत नाहीत."

राग एका ओळीत ठेव, म्हणाला होतात ना. ठेवला.

तुम्ही म्हणालात, "बरं."

पाऊस थांबल्यावर तुम्ही स्टूल उचलून स्वतः आत नेऊन ठेवलंत. तिथून स्टेशन जवळ होतं, पण आपल्याला खूप वेळ लागला. तुम्ही तीनदा बसलात. एकदा बसस्टॉपवर, एकदा एका झाडाच्या पारावर, एकदा स्टेशनच्या पायऱ्यांवर. प्रत्येक वेळी पेन काढलंत. मी यादीतली दोन ठिकाणं राहिली म्हणून धुसफुसत होते. गाडीत बसल्यावर तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "पत्रक लिहिणाऱ्यानं एकदा तरी दमून बघावं." मी ऐकलं नाही असं दाखवलं. विमानतळावर तुम्ही तो नकाशा माझ्याकडे दिलात, "ठेव, तुला लागेल." मी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात कोंबला.

पुण्यात आल्यावर मी पत्रक पाठवलं, सहा मागण्यांचं. तुम्ही एका शब्दानं काही न बोलता छापलंत. गठ्ठा घ्यायला आले तेव्हा मीच कुरकुर केली, "सहावीच्या खाली एवढी जागा का सोडलीय? चुकल्यासारखं वाटतं." तुम्ही शाई लागलेले हात रॉकेलच्या बोळ्यानं पुसत होतात. म्हणालात, "असू दे. कागदाला श्वास लागतो."

मग तो निषेध. मग चौथा दिवस.

तिसऱ्या दिवशीची जियारत, कबरीवरची दुआ, झाल्यावर मी तुमच्या घरी गेले. चाचींसमोर बसून मी एकदम सगळं बोलून टाकलं. खुर्च्यांचं, फोटोचं, विजेच्या पेटीचं. चाची ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बेटा, डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. फार चालू नका, उभं राहू नका. छातीचं होतं."

"मग तुम्ही जकार्ताला जाऊ कसं दिलंत?"

"जाऊ दिलं?" चाचींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की एरवी मी हसले असते. "तू त्यांना कधी अडवून बघितलं होतंस का?" मग पदर नीट करत म्हणाल्या, "प्रेसपासून घरापर्यंत पाच ठिकाणी बसायचे. पाठ होतं त्यांना. दुधाच्या दुकानाचा कट्टा, मग तो पार, मग चपलांच्या दुकानातलं बाकडं... पण त्या गावाहून आले ना तुझ्याबरोबर, तर खूश होते. दोन दिवस तेच. म्हणे, अनोळखी माणसानं काही न विचारता स्टूल दिलं."

माझ्याबद्दल काही म्हणाले का, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. चाचींनीही सांगितलं नाही. राहिलं ते राहिलं.

घरी येऊन बॅग उपसली. नकाशा सापडला. पुढच्या बाजूला माझंच जुनं पत्रक, माझी ठळक अक्षरं, उद्गारचिन्हं. उलटून बघितलं. आधी मला वाटलं होतं, तुम्ही तिथं माझ्यासाठी काहीतरी लिहिलं असेल. नव्हतं. चहावाल्याच्या रेघा होत्या आणि तुमची गोलं. मी त्या दिवशी समजले होते की तुम्हाला आवडलेल्या जागांवर तुम्ही खूण करताय. सात गोलं आहेत, चाचा. पहिली दोन लांब लांब आहेत. मग जवळ येत जातात. गल्लीपासून स्टेशनपर्यंतची शेवटची चार तर एकमेकांना चिकटलीच आहेत.

तुम्हाला माहीत होतं. हे मला सर्वांत जास्त लागतं. पत्रकात काही लपवायचं नाही, लपवलं की लोकांना वास येतो, असं मला बजावणारा माणूस सहा महिने स्वतःच्या छातीबद्दल गप्प बसला. एकदा म्हणायचंत, ‘जगताप, मला दम लागतोय.’ तीन शब्द. तुम्ही त्याऐवजी शहरासाठी मागणी लिहिलीत, दोनदा, आणि मी दोनदा खोडली. तुमचीही चूक आहे. आहेच. माझी मोठी आहे. पण तुमची आहे, आणि आता तुमच्याशी भांडायची सोय नाही, म्हणून मला इतका राग येतोय की तो एका ओळीत मावत नाही.

आणि तरीही, चाचा, मला लिहायला तुम्ही शिकवलंत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कागदावर स्वतःचं म्हणणं मांडलं नव्हतं. आमची आई अजून म्हणते, "ही काय लिहिती ते मला कळत न्हाय, पण तो प्रेसवाला बाबा छापतोय म्हंजी बरं असंल." तुमच्यावर तिचा माझ्यापेक्षा जास्त भरवसा होता.

नवं पत्रक लिहिलंय. सात मागण्या आहेत. सातवी तुमच्याच शब्दांत ठेवलीय. पहिली केली नाही. तुम्हाला खूश करायला क्रम बदलणार नाही. दुसऱ्या प्रेसमध्ये द्यावं लागलं. तिथल्या माणसानं विचारलं, "मागे काय घेऊ?" मी म्हटलं, "काही नाही. कोरं." तो म्हणाला, "जागा वाया जाईल, मॅडम." मान हलवली नुसती.

काल दुपारी रविवार पेठेत गेले. तुमच्या प्रेसचं शटर बंद होतं. तिथून तुमच्या घराकडे चालत निघाले, चाचींनी सांगितलेल्या जागा शोधत. दुधाच्या दुकानाचा कट्टा पाडलाय. पाराला लोखंडी कुंपण घातलंय. चपलांच्या दुकानातलं बाकडं आहे, पण त्यावर खोकी रचलेली. पाठीवर पत्रकांचा गठ्ठा होता. ऊन होतं. एका कापडाच्या दुकानापाशी आले आणि पायरीवर बसले. बसल्यावर वर बघितलं. पत्र्यावर चिकटवून वार्निश मारलेला, पिवळा पडलेला बोर्ड. ‘पायरीवर बसू नये.’ र ची शेपटी तुटलेली.

आतून मालक बाहेर आले. पन्नाशीचे, गळ्यात टेप.

"ताई, वाचता येतं ना?"

"येतं."

"मग?"

सवयीनं तोंड उघडलं. तुमची पायरी दोन फूट फुटपाथवर आलीय, ही जागा सार्वजनिक आहे, सगळी वाक्यं तयार होती. एकही बोलले नाही. म्हटलं, "माझ्याबरोबर एक जण आहेत. वयस्कर आहेत. मागून येतायत. दमलेत."

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. भर दुपारी कुणीच नव्हतं.

"त्यांनाही पायरीवर नाही चालणार," ते म्हणाले. "बोर्ड आहे."

ते आत गेले आणि एक प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आले. हातानं पुसलं. बोर्डाखाली, सावलीत ठेवलं.

"आले की यावर बसवा. तुम्ही मात्र उठा."

मी उठले. स्टुलाशेजारी उभी राहिले.

मला काही घाई नाही, चाचा. सावकाश या.